‘काळू आता सोनीला घरात फिरूच देत नाही’: दोन मांजरांच्या धुसफुशीवर सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: पुण्यात पहिल्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात ६ वर्षांची सोनी आणि ३ वर्षांचा काळू, दोघांचीही नसबंदी झालेली. काळूला पिल्लू असताना आणलं, तेव्हापासून दोघं नीट राहत होती. दीड महिन्यापूर्वी एका रात्री गॅलरीच्या दाराशी जोराची मारामारी झाली, केसांचे पुंजके उडाले. त्यानंतर सोनी दिसली की काळू अंगावर धावून जातो. सोनी दिवसभर बेडरूममधल्या कपाटावर बसून असते आणि आता गादीवर लघवी करायला लागली आहे. काळूवर पाण्याचा फवारा मारून झाला. ‘एकदाचं काय ते भांडून घ्या’ म्हणून दोघांना एका खोलीत बंद करूनही झालं. ऑनलाइन मागवलेला गंधाचा डिफ्यूजर भिंतीला लावला, काही फरक नाही. सासूबाई म्हणतात, एकीला गावाला सोडून या. आणि खालच्या पार्किंगमधला एक बोका हल्ली पत्र्यावरून थेट गॅलरीपर्यंत येतो, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं आहे.

ताई, सगळ्या प्रश्नातली कळीची गोष्ट ही शेवटची आहे असं मला वाटतं. पण त्याआधी सोनीची लघवी, कारण तिथे उशीर परवडत नाही.

मांजर गादीवर लघवी करतं ते सूड म्हणून नाही. ती एक तर आजारी आहे, किंवा शी-लघवीच्या ट्रेपर्यंत जायची तिला भीती वाटते. पुष्कळदा दोन्ही एकदमच असतं. मांजरांमध्ये ताणामुळे मूत्राशयाला सूज येते. जंतू नसतात, खडा नसतो, तरी आतलं अस्तर दुखरं होतं, थेंब थेंब लघवी होते, कधी रक्त पडतं. लघवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुण आणि मध्यमवयीन मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांचं निदान हेच निघतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात डॉ. टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं. घरातली व्यवस्था बदलली, म्हणजे लपायच्या जागा, ट्रे, खेळ आणि माणसांशी असलेला संबंध सुधारला, की या मांजरांचा त्रास कमी होतो, असं त्यांच्या गटानं २००६ साली मांडलं. म्हणजे सोनीच्या बाबतीत भांडण मिटवणं हा औषधोपचाराचाच भाग ठरेल. तरी तपासणी टाळू नका, कारण खडे, स्फटिक, किडनीचा त्रास यांची लक्षणं वरून अशीच दिसतात. लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. या वयाच्या मांजरात जंतुसंसर्ग तसा क्वचित असतो. त्यामुळे तपासणी न करताच अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होत असेल, तर ‘लघवी तपासली का?’ असं डॉक्टरांना न संकोचता विचारा.

काळूवरही लक्ष ठेवा. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि ताण त्यालाही आहेच. तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथतोय, ओरडतोय, लिंगाकडे सारखा चाटतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. बरेच जण त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात आणि तेवढ्यात वेळ जाते. त्याच भेटीत काळूचे दात, हिरड्या आणि अंगावरच्या जखमाही बघून घ्या. मांजराच्या चाव्याची जखम वरून लगेच बुजते आणि आत पू होतो. दुखणारं मांजर कुणालाही जवळ येऊ देत नाही.

आता त्या रात्रीबद्दल. माझा अंदाज असा आहे की काळूला सोनीशी भांडायचंच नव्हतं. गॅलरीच्या काचेपलीकडे तो पार्किंगमधला बोका आला. काळूचं अंग फुललं, पण काच असल्यामुळे त्याच्यापर्यंत पोचता येईना. नेमकी त्याच वेळी सोनी बाजूनं गेली, आणि बाहेरच्यासाठी आलेला सगळा आवेश तिच्यावर निघाला. मांजरांमध्ये हे फार वेळा होतं. एकदा असं पेटलेलं मांजर काही तास, कधी कधी दिवसभरही निवत नाही. त्या वेळी मध्ये पडणारा माणूसही चावा खातो. यात खरं नुकसान होतं ते पुढे. सोनीच्या डोक्यात ‘काळू म्हणजे धोका’ असं बसलं. ती त्याला बघून आखडते, पळते, फिसकारते. पळणारी वस्तू दिसली की मांजर पाठलाग करणारच, म्हणून काळू धावतो. तो धावला की तिची भीती आणखी पक्की होते. बाहेरचा बोका त्या रात्रीनंतर पुन्हा आला नसता तरी चाललं असतं, इतकं हे चक्र आता आपलं आपण फिरतंय. आणि तो तर अजूनही येतोच आहे.

‘नीट राहत होती’ या शब्दांपाशी जरा थांबा. काळू आल्यापासून दोघं एकमेकांना टेकून झोपत होती का? एकमेकांचं डोकं चाटत होती का? समोरून येताना शेपटी उभी करून अंगाला अंग घासत होती का? मांजरांची खरी जवळीक या तीन गोष्टींत दिसते. एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसणं, एकाच वेळी शेजारी शेजारी ठेवलेल्या वाट्यांतून खाणं, याला आपण मैत्री समजतो. बऱ्याचदा तो नाइलाज असतो. घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकट्यानं शिकार करतं आणि एकट्यानं खातं. मांजरं कळपानं राहतात तेव्हा तो कळप बहुधा नात्यातल्या माद्यांचा असतो, आणि तोही मुबलक खाणं असेल तिथे. कुत्र्यांकडे भांडण झाल्यावर समेट करायच्या खाणाखुणा असतात. मांजरांकडे त्या जवळजवळ नाहीतच. त्यांच्याकडे एकच उपाय आहे: लांब राहणं. फ्लॅटमध्ये तेच करता येत नाही, आणि म्हणूनच ‘आपसात मिटवतील’ म्हणून एका खोलीत कोंडलेली मांजरं मिटवत नाहीत. हा प्रयोग पुन्हा करू नका.

अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२४ साली खास याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा की उघड मारामारी हा या प्रकरणाचा छोटा भाग असतो, आणि बहुतेक धुसफूस मूक असते. एक मांजर पॅसेजच्या मधोमध आरामात पसरलेलं दिसतं. तुम्ही म्हणता, किती निवांत झोपलाय! पण दुसऱ्याला ट्रेकडे जायची वाट तीच असते आणि ते बेडरूमच्या दारात पाऊल उचलून थबकतं, मग मागे फिरतं. कुणी गुरगुरलं नाही, कुणी पंजा उगारला नाही, पण नाकेबंदी झाली. एकटक रोखून बघणं, शेपटीचं फक्त टोक हलवणं, कान बाजूला वळवणं, दुसरं खायला आलं की वाटीपासून उठून जाणं, पोटाचे केस चाटून चाटून विरळ करणं, या सगळ्या खुणा त्याच. तुमच्या घरात त्या रात्रीच्या आधीपासून यातलं काही होतं का, ते आठवून बघा. घरातल्यांनी मोबाइलवर काढलेले जुने व्हिडिओ यासाठी फार कामाचे असतात.

मस्ती आणि मारामारी यांतला फरकही व्हिडिओवरच नीट कळतो. २०२३ साली स्लोव्हाकिया आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी मांजरांच्या १०५ जोड्यांचे व्हिडिओ तपासले. कुस्ती खेळणाऱ्या जोड्या बहुतेक गप्प असतात. आवाज करत एकमेकांमागे धावणाऱ्या जोड्या बहुतेक खरोखरच भांडत असतात. मधली अशी तिसरी तऱ्हाही त्यांना सापडली, जी खेळासारखी सुरू होते आणि बिघडत जाते. घरी बघायचं ते एवढंच: दोघं आलटून पालटून वर-खाली होतात का, मध्ये थांबतात का, नखं आत आहेत का. दर वेळी पाठलाग एकच करतो आणि पळते दुसरीच, तर तो खेळ नाही.

आता काय करायचं ते सांगते. पहिलं काम आजच करा. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, दार पूर्ण बंद. सोनीला बेडरूम द्या, कारण तिथल्या कपाटावर तिला सुरक्षित वाटतं. तिचा ट्रे, पाणी, खाणं, अंथरूण, नखं घासायला खांब किंवा जाड काथ्या गुंडाळलेली फळी, आणि आत शिरून बसता येईल असं एक पुठ्ठ्याचं खोकं, सगळं आत. कपाटावर चढायला खुर्ची आणि टेबल अशी पायरी करून द्या. गादी काही दिवस उभी करून ठेवा किंवा वर जाड प्लॅस्टिक घाला. ही शिक्षा नाही, आणि सोनीला तर नाहीच. दीड महिन्यात पहिल्यांदा तिला कान न टवकारता झोपता येईल. ती नीट खाते की नाही हे रोज बघा. मांजरानं दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं, आणि लठ्ठ मांजरात हा धोका जास्त. वेगळं ठेवल्यावर गादीवरची लघवी थांबली, तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल. गादीवर करणारी सोनीच आहे की काळू, हेही यातूनच कळेल. बऱ्याच घरांत भलत्याच मांजरावर आळ आलेला असतो.

दुसरं, गॅलरी. घरात कितीही सुधारणा केल्या आणि तो बोका काचेशी येत राहिला, तर सगळं पाण्यात. काचेच्या दाराच्या खालच्या भागावर, साधारण तुमच्या कमरेइतक्या उंचीपर्यंत, धुरकट फिल्म चिकटवा. लगेच मिळाली नाही तर तपकिरी कागद चालेल. संध्याकाळी आणि पहाटे बोके फिरतात, त्या वेळी पडदा ओढा आणि काळूला गॅलरीत जाऊ देऊ नका. पारव्यांसाठी लावतात ती जाळी पूर्ण गॅलरीला ताणून बसवली तर बोक्याची वाट बंद होते. बाहेरच्या भिंतीवर किंवा कुंड्यांवर त्यानं लघवीचे फवारे मारले असतील तर ते धुवून काढा. वास दाराच्या फटीतून आत येतो, आणि काळूला तो रोज सकाळी नव्यानं आव्हान देतो. पार्किंगमध्ये त्याला कोण खायला घालतं ते शोधा आणि वाटी इमारतीच्या दुसऱ्या बाजूला ठेवायची विनंती करा. त्याला हाकलून उपयोग नाही, दुसरा येईल. भटक्या मांजरांची नसबंदी करून त्यांना जागेवर परत सोडणाऱ्या संस्था पुण्यात आहेत, त्यांच्याशी बोला. नसबंदीनंतर काही आठवड्यांत बहुतेक बोक्यांचं फवारे मारणं आणि भांडत फिरणं बरंच कमी होतं. त्याच्यासाठीही हे भल्याचंच आहे.

तिसरं, घराची मांडणी. इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्याकडे दोन मांजरांत एकच ट्रे आहे आणि तो ड्राय बाल्कनीत आहे. तिथे जायचं म्हणजे हॉल, मग स्वयंपाकघर, मग अरुंद दार. काळू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला की सोनीचा ट्रे बंद. आत गेलीच तर परतायला दुसरी वाट नाही. मऊ गादी, चारी बाजूंना नजर, पळायला जागा, अशा ठिकाणी ती लघवी करते ती यामुळे. दोन मांजरांना तीन ट्रे हवेत आणि ते तीन वेगळ्या जागी हवेत. शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. ड्राय बाल्कनीतला राहू द्या, एक बेडरूममध्ये आणि एक हॉलच्या कोपऱ्यात ठेवा. बाजारात मिळणारे ट्रे बहुतेक लहान असतात. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी. कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू खाली कापली तर स्वस्तात उत्तम ट्रे होतो. झाकण नको, कारण आत बसलेल्या मांजराला बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही. लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची वाळू, बिनवासाचं, दिवसातून दोनदा साफ.

आणि फरशी कशानं पुसता ते बघा. फिनाइल आणि त्या जातीची जंतुनाशकं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. पायाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होऊ शकते. अमोनियाचा वास असलेली द्रव्यंही नकोत, तो वास लघवीसारखाच असल्यानं मांजर तिथेच परत करतं. लघवीचे डाग काढायला एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरा.

खाण्याच्या वाट्या एकमेकांच्या नजरेआड ठेवा. पाणी खाण्यापासून लांब, दोन-तीन ठिकाणी. दिवसाचं खाणं दोन वेळांऐवजी चार-पाच लहान वाट्यांत विभागा, कारण मांजराचं पोट उंदीर-चिमण्यांच्या मापाच्या जेवणासाठी बनलेलं आहे. काळूसाठी अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या खळग्यांत कोरडं खाणं टाकून ठेवा, पंजानं काढून खाण्यात त्याची शक्ती खर्च होईल. उंचीवरच्या जागा वाढवा: भिंतीवर फळ्या, खिडकीशी स्टूल, पुस्तकांच्या कपाटावर एक घडी केलेली चादर. फक्त प्रत्येक उंच जागेला चढायला-उतरायला दोन वाटा ठेवा. माळा छान वाटतो, पण त्याला तोंड एकच असतं आणि काळू खाली बसला की सोनी अडकली.

हे सगळं झालं आणि आठ-दहा दिवस दोघंही नीट खात-झोपत असली, की पुन्हा ओळख करून द्यायला लागा. जुनी ओळख आहे हे विसरा, दोन अनोळखी मांजरं आहेत असं धरून चला. आधी फक्त वास. मऊ सुती मोजा सोनीच्या गालांवर फिरवा आणि काळूच्या खाण्यापासून दोन हातांवर ठेवा. काळूचा मोजा तसाच तिच्याकडे. हुंगून पुढे खायला लागली तर उद्या थोडा जवळ. फिसकारून मागे गेली तर आणखी लांब. दिवसातून एकदा खोल्यांची अदलाबदल करा: काळू दुसऱ्या बेडरूममध्ये बंद, सोनी मोकळ्या घरात. भेट न होता दोघांचे वास घरभर मिसळतात आणि सोनीला पॅसेज परत आपला वाटायला लागतो.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना आवडीचं खाणं. सुरुवात दारापासून सहा-आठ फुटांवरून करा आणि दोघं निवांत खात असतील तरच वाटी रोज वीतभर पुढे सरकवा. मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेलं चिकन उत्तम. सुका बोंबील बहुतेक मांजरांना प्राणप्रिय, पण खारवलेला देऊ नका. हे खास खाणं फक्त याच वेळी द्यायचं, एरवी नाही. दारापाशी दोघं शांतपणे खायला लागली की दाराच्या चौकटीत वेल्क्रोची जाळी लावा. काळू फाडेल अशी शंका असेल तर दुहेरी लावा, आणि सुरुवातीला खालचा अर्धा भाग चादरीनं झाका.

या टप्प्यावर तुमचं सगळं लक्ष काळूच्या चेहऱ्यावर हवं. तो खाता खाता मान वर करून सोनीकडे बघेल. बघून पापणी हलली, नजर वळली, परत वाटीत तोंड घातलं, तर उत्तम चाललंय. पण जबडा थांबला, डोळे मोठे झाले, मिशा पुढे आल्या आणि शेपटीचं टोक ताठ थरथरायला लागलं, तर दोन-तीन सेकंदांचाच अवधी असतो. ओरडू नका. पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्या नजरेसमोर आडवा सरकवा, किंवा काठीला बांधलेली पिसं दुसऱ्या दिशेनं फिरवा आणि सत्र संपवा. दुसऱ्या दिवशी एक टप्पा मागून सुरू करा. सोनी एकदा फिसकारली आणि मग खायला लागली तर घाबरू नका, ती फक्त ‘तिथेच थांब’ म्हणते आहे. तिला रागावलात तर ती पुढच्या वेळी सूचना न देता पंजा मारेल.

जाळीपलीकडचं सगळं आठवडाभर सुरळीत झालं की मग एकाच खोलीत, तीन-चार मिनिटं, घरातल्या दोन माणसांनी दोन मांजरांशी वेगवेगळं खेळायचं. काळूला आधीच दहा-पंधरा मिनिटं दमवून, खायला घालून आणा. मिनिटं हळूहळू वाढवा. एकटी सोडायची घाई नको, तुम्ही घराबाहेर असताना आणि रात्री खोल्या वेगळ्याच. काळूच्या गळ्यात ओढलं की सुटणारा पट्टा आणि त्याला लहानसा घुंगरू बांधला तर तो कुठे आहे ते सोनीला आधी कळतं. या सगळ्याला आठवडे लागतील, काही जोड्यांना महिनेही लागतात. गणपतीचे ढोल, दिवाळीचे फटाके, घरात पाहुणे, शेजारी तोडफोड, असे दिवस असतील तेव्हा नवा टप्पा सुरू करू नका.

पाण्याचा फवारा आजपासून बंद. काळूच्या बाजूनं बघा: सोनी दिसते आणि लगेच तोंडावर पाणी येतं. मग सोनी दिसणं त्याला आवडेल कसं? शिक्षेनं त्याला तुमच्याबद्दल वाटणारी भीती वाढते, सोनीवरचा रोष वाढतो, आणि पाठलाग तुमच्या माघारी चालू राहतो.

मारामारी झालीच तर हात घालू नका. उशी, जाड चादर किंवा मोठा पुठ्ठा दोघांच्या मध्ये सारा, ज्याला सोपं जाईल त्याला त्या आडोशानं खोलीत ढकला, दिवा मालवा आणि दार लावा. लगेच उचलून कुरवाळायला जाऊ नका. तुम्हाला चावा लागला किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, हाताला सूज भराभर चढते, आणि आपल्याकडे मांजराच्या चाव्यानंतरही रेबीजच्या लसीचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

डिफ्यूजरबद्दल. मांजर गाल घासताना जो गंध सोडतं किंवा पिल्लांना पाजताना आईच्या अंगाला जो गंध असतो, त्यांची नक्कल अशा डिफ्यूजरमध्ये असते. काही अभ्यासांत फायदा दिसला आहे, काहींत नाही. मी त्याला जोडीचा उपाय मानते. एका ट्रेच्या घरात, काचेशी बोका येत असताना तो एकटा काही करू शकणार नाही. ठेवायचा असेल तर सोफ्यामागे किंवा पडद्यामागे नको, मांजरं जिथे जास्त वेळ असतात त्या खोलीत मोकळ्या सॉकेटला लावा, आणि बाटली साधारण महिन्यानं बदला. पंखे आणि उघड्या खिडक्या असलेल्या हॉलपेक्षा बेडरूममध्ये त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त.

दीड-दोन महिने हे सगळं नेटानं करूनही काळूची नजर सोनीवरून हटत नसेल, किंवा सोनी वेगळ्या खोलीतही थरथरत बसत असेल, तर औषधाची लाज वाटून घेऊ नका. फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं मांजरांत वापरली जातात. त्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि आधी रक्ततपासणी करावी लागते. भेदरलेल्या मांजराला बस्पिरोननं थोडं धैर्य येतं. दवाखान्याच्या प्रवासासाठी गॅबापेंटिन देतात. हे सगळं मांजराच्या वजनानुसार डॉक्टरांनी ठरवायचं. घरातली माणसांची झोपेची गोळी, कुणी सांगितलेलं तेल, निलगिरी, कापूर, यातलं काहीही नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. सोनीला तपासणीसाठी नेऊन आणाल तेव्हा तिच्या अंगाला दवाखान्याचा वास असेल. तिला थेट तिच्या खोलीत न्या आणि काळूची गाठ पडू देऊ नका.

कुठवर पोचायचं तेही स्पष्ट सांगते. दोघं एकमेकांना चाटत झोपतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. सोनी दिवसा कपाटावरून उतरून ट्रेकडे जाते, खाते, खिडकीत ऊन खाते, काळू समोरून गेला तरी पळत नाही, आणि काळू तिला जाऊ देतो, एवढं झालं की उपचार यशस्वी. ती सकाळी हॉल वापरेल, तो दुपारी. मांजरं अशा वेळा आपसात छान वाटून घेतात, फक्त तेवढ्या जागा आणि वाटा आपण घरात करून द्यायच्या.

सासूबाईंच्या सुचवण्याबद्दल. त्यांना घरातला रोजचा ताण दिसतोय आणि त्यांचा हेतू वाईट नाही. पण सहा वर्षं फ्लॅटमध्ये राहिलेली मांजर गावात मोकळी सोडली, तर ती तिथे रमत नाही. तिला कुत्री माहीत नाहीत, रस्ता माहीत नाही, तिथली मांजरं तिला थारा देत नाहीत, आणि घर शोधत ती निघून जाते. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. सहा महिने मनापासून प्रयत्न करूनही सोनी भीतीतच जगत असेल, तर मग तिच्यासाठी दुसरं घर शोधणं योग्य ठरेल. ते घर दुसरं मांजर नसलेलं, शक्यतो कुणी ओळखीचं असावं. लघवीचा इतिहास आणि चालू औषधं त्यांच्यापासून लपवू नका. तिचा ट्रे, नेहमीचं लिटर आणि न धुतलेलं अंथरूण सोबत द्या, पहिले काही दिवस तिला एकाच खोलीत ठेवायला सांगा, आणि त्यांना जमलं नाही तर ती तुमच्याकडेच परत येईल असं आधीच ठरवून घ्या.